हरिहरेश्वर की हेदवी? लाटा आणि खडकांचे फोटो काढायला एकच वीकेंड असेल तर

हॉटेल बघायच्या आधी भिंतीवरचं कॅलेंडर काढा आणि तुम्ही जाणार त्या शनिवारी तिथी कुठली आहे ते बघा. खरं सांगते, या दोन जागांतली कुठली निवडायची ते तिथीवरूनच ठरतं, कारण एक जागा ओहोटीची आहे आणि दुसरी भरतीची.

कोकणातला जुना हिशोब बऱ्याच जणांना माहिती असेल, तिथीला पाऊणने गुणायचं की भरतीची वेळ मिळते. म्हणजे चतुर्थीला साधारण तीन, अष्टमीला सहा, आणि पुनवेला-अवसेला सव्वाअकरा-बारा. हा अंदाज आहे, नेमकी वेळ भरतीच्या तक्त्यात बघूनच घ्या, पण प्लॅन करायला एवढं पुरतं. भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. आता गंमत अशी की पुनव-अवसेच्या आसपास उधाण असतं, पाणी सगळ्यात जास्त चढतं आणि सगळ्यात जास्त उतरतं, पण आपल्या किनाऱ्यावर ते चढतं भर दुपारी आणि उतरतं सूर्यास्ताच्या सुमाराला. अष्टमीला उलट, भरती बरोबर संध्याकाळी पण ती भांगाची, जोर कमी. म्हणजे जोरदार लाट आणि सोनेरी उजेड दोन्ही एकाच वेळी पूर्ण मिळत नाही, काहीतरी सोडावंच लागतं.

हरिहरेश्वर (रायगड, श्रीवर्धन तालुका) ही ओहोटीची जागा. काळभैरवाच्या देवळाच्या मागून प्रदक्षिणा मार्ग सुरू होतो, दोन कड्यांच्या मधल्या अरुंद घळीतून पायऱ्या खाली उतरतात आणि एकदम समोर समुद्र येतो. खाली लाटांनी कापून सपाट केलेला खडकाचा ओटा आहे आणि मागे उभा कडा. त्या कड्यावर मधमाश्यांच्या पोळ्यासारखी शेकडो छिद्रं आहेत, लाटांचा तुषार खडकात मुरतो, वाळला की आत मिठाचे स्फटिक होतात आणि ते दगडाचा कण न् कण सुटा करतात, वर्षानुवर्षं हेच चाललंय. दुपारी चारला ही भिंत नुसती तपकिरी दिसते, मी पहिल्यांदा बघितली तेव्हा दोन फोटो काढून पुढे गेले होते. सूर्य खाली आल्यावर परत वळले तर प्रत्येक छिद्राच्या एका कडेला उजेड आणि आत काळीभोर सावली, आणि एका वाटीएवढ्या खळग्यात अजून पाणी साचलेलं, त्यात तीन बारीक शंखाचे किडे आणि त्यांच्यावर आख्खं नारिंगी आभाळ. त्या एका खळग्यापाशी मी वीस मिनिटं बसले होते.

इथे वाइड लेन्स लागते आणि ट्रायपॉड लागतोच. ओट्यावरच्या भेगांतून पाणी परत जाताना पांढऱ्या रेघा ओढतं, त्यासाठी अर्धा ते एक सेकंद शटर ठेवा, लाट मागे फिरली की लगेच दाबायचं. लोक सरळ दहा स्टॉपचा एनडी (उजेड कमी करणारा काळा फिल्टर, प्रत्येक स्टॉपला उजेड निम्मा) लावून तीस सेकंदांचं धुकं करतात, मला ते इथे पटत नाही, खडकाचा खडबडीतपणा दिसायला हवा आणि पाण्याचा ओढही दिसायला हवा. सहा स्टॉपचा फिल्टर भरपूर झाला, संध्याकाळी उशिरा तर तोही काढावा लागतो.

दिवस निवडताना पुनवेपेक्षा प्रतिपदा-द्वितीया बघा. पुनवेला पाणी सहाच्या आतच उतरून परत चढायला लागतं, आणि सूर्यास्तानंतर तुम्ही निळ्या उजेडाच्या नादात असता तेव्हा पाठीमागची वाट भिजायला लागलेली असते. पुढच्या दोन दिवसांत पाणी सूर्यास्तानंतरही उतरतच असतं, तुम्ही त्याच्या मागे मागे जाता. या मार्गावरून माणसं वाहून गेलीत, पोहता येणारीसुद्धा, म्हणून भरतीच्या वेळेला आणि पावसाळ्यात तिकडे उतरायचंच नाही, देवळापाशी कोणी थांबवलं तर हुज्जत घालू नका. खाली गेल्यावर आधी पंधरा मिनिटं नुसतं बघा, सगळ्यात मोठी लाट कुठवर येते आणि दगड कुठवर ओला आहे ते कळू दे, मग ट्रायपॉड उघडा.

हेदवी (रत्नागिरी, गुहागर तालुका) एकदम वेगळी. दशभुज गणपतीचं देऊळ सगळ्यांना माहिती असतं, तिथून समुद्रावर उतरलं की उमामहेश्वराचं छोटं देऊळ आणि त्याच्या पुढे काळ्या खडकात पडलेली एक लांब अरुंद चीर, तीच बामणघळ. ओहोटीला गेलात तर काय एवढं असं वाटेल, भेग दिसते आणि तळाशी थोडं पाणी. भरतीला मात्र लाट त्या चिरेत शिरते, आत जागाच नाही म्हणून कोंडते आणि सरळ वर उसळते. आधी पायाखाली घुमल्यासारखा आवाज येतो, मग फस्सकन हवा, आणि मग पाणी. तो आवाज ओळखायला शिकलात की फोटो जमला, कारण पाणी दिसल्यावर बटण दाबलं तर उशीर झालेला असतो.

इथे ट्रायपॉडचं फार काम नाही. ७०-२०० सारखी लांबचं जवळ आणणारी लेन्स, १/१००० सेकंदापेक्षा वेगवान शटर, बर्स्ट मोड (बटण दाबून ठेवलं की एकामागोमाग फोटो), आणि कडेपासून चांगलं लांब उभं राहायचं. लांबून फवाऱ्याची उंचीही नीट कळते, फ्रेममध्ये देऊळ किंवा डोंगर घेता येतो. चिरेच्या काठाशी जाऊन सेल्फी घेणारे दिसतात, तुम्ही नका जाऊ, शेवाळ आहे आणि आत पडलेल्याला बाहेर यायला धरायला काही नाही.

तिथी म्हणाल तर मी पंचमी-षष्ठी धरते. भरती पावणेचार ते साडेचारच्या दरम्यान, हिवाळ्यात तेव्हा ऊन कलतं झालेलं असतं आणि समुद्राकडून येणाऱ्या उजेडात फवाऱ्याचा थेंब न् थेंब पेटल्यासारखा दिसतो. उंची उधाणाइतकी नसते हे मान्य. ज्याला उंचीच हवी त्याने प्रतिपदा-द्वितीयेला दुपारी जावं, कडक उन्हात ब्लॅक अँड व्हाइट काढावं, काळा दगड आणि पांढरं पाणी, छान येतं.

खर्चाचं दोन्हीकडे फारसं वेगळं नाही, वेळेचं आहे. पुण्याहून ताम्हिणी-माणगावमार्गे हरिहरेश्वर पाच तासांत होतं, हेदवीला कुंभार्ली घाट, चिपळूण करत सात तास सहज जातात, म्हणजे शनिवारची भरती गाठायची तर शुक्रवारी रात्रीच निघा. तीन दिवस असतील तर बागमांडला-वेश्वी आणि दाभोळ-धोपावे या दोन फेरीबोटींत गाडी टाकून दोन्ही जागा जोडता येतात, पण मग एका जागेची तिथी चुकणार हे धरून चाला. सीझन म्हणाल तर पाऊस उघडल्यानंतरचा ऑक्टोबर, समुद्रात अजून दम असतो आणि सड्यावर, म्हणजे वरच्या खडकाळ माळावर, गवत हिरवं-पिवळं असतं. जानेवारीत आभाळ स्वच्छ पण लाट मरगळलेली, तेव्हा हरिहरेश्वरच बरं, खडक कुठे जात नाहीत.

सोबत आईबाबा किंवा लहान मूल असेल तर मात्र तिथी काहीही असू दे, हेदवी. वाळूवर त्यांना बसवून तुम्ही लांबून फोटो काढू शकता, हरिहरेश्वरच्या ओट्यावर एक डोळा व्ह्यूफाइंडरमध्ये आणि एक मुलावर असं चालत नाही.

आणि दोन्हीकडे एक बाटली गोडं पाणी जास्तीची ठेवा. लेन्सवर बसलेला खारा तुषार कोरड्या कपड्याने पुसला की नुसता फासला जातो, माझ्या एका आख्ख्या संध्याकाळचे फोटो असेच धुरकट आले. कपडा जरा ओला करून आधी मीठ उचलायचं, मग कोरड्याने पुसायचं, आणि रूमवर आल्या आल्या ट्रायपॉडचे पाय उघडून नळाखाली धरायचे, जेवण नंतर.