चारशे गेमचा लहान मुलांचा व्हिडिओ गेम : एक उन्हाळा काढल्यानंतरचा अनुभव

मे महिन्यात या व्हिडिओ गेमची बॅटरी फुगली, मागचे झाकण बसेनासे झाले आणि दुकानदाराने हात वर केले, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे. लाल रंगाचा, हातात मावणारा, चारशे गेमवाला हा प्रकार जळगाव-धुळ्याकडच्या खेळण्यांच्या दुकानांतून सर्रास टांगलेला दिसतो, त्यामुळे पडदा केवढा आणि बटणे किती हे सांगत बसत नाही. दिवाळीत पहिलीतल्या मुलीसाठी सहाशे रुपयांच्या आत घेतला. तिच्या हातातला मोबाइल सुटावा, एवढाच हेतू होता, आणि तो बऱ्याच अंशी साधला.

गेमविषयी थोडक्यात सांगतो. चारशेपैकी कितीतरी गेम तेच ते आहेत. नाव किंवा रंग बदलून, नाहीतर मधल्याच टप्प्यापासून सुरू करून यादी लांबवलेली आहे. १९८३ मध्ये जपानमध्ये आलेल्या निन्टेन्डोच्या फॅमिली कॉम्प्युटरची ही नक्कल असून त्या काळातले गेम इतके छोटे असत की १९८५ चा मूळ सुपर मारिओ अवघ्या ४० किलोबाइटमध्ये मावला होता. पण यात जाहिराती नाहीत, इंटरनेट नाही, मध्येच पैसे मागणारी खिडकी उघडत नाही आणि तीन जीव संपले की डाव संपतो. लहान मुलांच्या दृष्टीने हा गुण मी फार मोठा मानतो. गेम सेव्ह होत नाही, याची मुलीने कधी तक्रार केलेली नाही.

खरा प्रश्न बॅटरीचा आहे, आणि खान्देशात तो इतर ठिकाणांपेक्षा जास्त गंभीर आहे. लिथियम बॅटरी साधारणपणे ० ते ४५ अंश सेल्सिअस एवढ्याच तापमानात चार्ज करायची असते. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो आणि पत्र्याच्या खोलीत त्याच्याही वर जातो. नेमक्या त्याच दुपारच्या वेळेत मुलांना उन्हात सोडता येत नाही; शाळेला सुट्टी असते, आत्येभावंडे-मामेभावंडे जमलेली असतात, आणि बॅटरी उतरली तरी कोणी थांबायला तयार नसते, म्हणून चार्जिंगची वायर लावूनच खेळ चालू राहतो. बाहेरची हवा तापलेली, चार्जिंगची उष्णता वेगळी, त्यात सतत चालू असलेला पडदा. अशा उष्णतेत बॅटरीतल्या द्रावणाचे विघटन होऊन वायू तयार होतो आणि तिचे कवच फुगते. खोक्यावर याविषयी एक शब्दही छापलेला नाही, आणि माझा मुख्य राग याच गोष्टीवर आहे.

दुकानदाराचे उत्तर ठरलेले होते : ‘‘साहेब, बॅटरीला वॉरंटी नसते.’’ १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे, ते या खोक्यावर कुठे आहे, असे मी विचारले. ‘‘हे खेळणं नाही, इलेक्ट्रॉनिक आयटम आहे,’’ असे ते म्हणाले. खोक्यावर मात्र चार-पाच वर्षांच्या मुलांची चित्रे आहेत आणि वस्तू बाहुल्या-मोटारींच्या रांगेत टांगलेली होती. हे उत्तर मला मुळीच मान्य नाही. विकताना खेळणे आणि तक्रार आली की आयटम, असे चालणार नाही.

जळगावच्या गोलाणी मार्केटमधल्या एका मोबाइल दुरुस्ती करणाऱ्या तरुणाने मात्र पाच मिनिटांत विषय समजावून दिला. त्याने बॅटरी काढून काचेच्या काउंटरवर आडवी ठेवली आणि बोटाने टिचकी मारली. ती भोवऱ्यासारखी गरगर फिरली. मग शेजारी एक चांगली बॅटरी ठेवून तिलाही टिचकी दिली, ती सपाट असल्यामुळे काचेला घासून जागीच थांबली. ‘‘भाऊ, हिला आता चार्जिंगला लावू नका,’’ म्हणत त्याने जुनी बॅटरी ठेवून घेतली आणि दीडशे रुपयांत नवी बसवून दिली.

इथे माझे मत बदलले. तोपर्यंत मी असे लिहिणार होतो की लहान मुलांसाठी पेन्सिल सेलवर चालणारा जुना ब्रिक गेमच बरा. पण यातली बीएल-५सी ही नोकिया ११०० या जुन्या मोबाइलमध्ये असायची तीच बॅटरी आहे. ती तालुक्याच्या गावातही मिळते, नखाने उचलून निघते आणि बदलायला कारागीर लागत नाही. दीडशे रुपयांत सहाशेची वस्तू पुन्हा चालू झाली, हे माझ्यासारख्या काटकसरी माणसाला फार महत्त्वाचे वाटते. मात्र स्वस्तातली स्वस्त बॅटरी घेऊ नये. २००७ मध्ये खुद्द नोकियाला याच बीएल-५सीच्या सुमारे ४.६ कोटी बॅटऱ्यांबाबत, चार्जिंग करताना त्या अति तापू शकतात, असा इशारा द्यावा लागला होता. मग नाव-गाव नसलेल्या बॅटरीवर किती भरवसा ठेवावा?

आता आमच्याकडे चार्जिंग पहाटेच होते, तेही मोठ्या माणसाच्या नजरेखाली. वायर लावून खेळायचे नाही, हा नियम मुलीने आश्चर्य वाटावे इतक्या सहज पाळला. अमळनेरला तिच्या आजीकडे जुना पिक्चर ट्यूबचा टीव्ही आहे. त्याला पिवळ्या पिनची वायर जोडल्यावर चित्र इतके ठसठशीत आले की आजीही शेवटपर्यंत पाहत बसली.

उजवीकडचे बटण अलीकडे दोनदा दाबावे लागते. त्याखालच्या रबरावरचा कार्बन झिजला आहे, आणि हे रबर सुटे मिळत नसल्यामुळे एखाद्या बंद पडलेल्या संचातून काढून बसवावे लागेल. त्या खर्चाची माझी तयारी आहे.

घेणाऱ्यांनी पैसे देण्यापूर्वी मागचे झाकण उघडून पाहावे. आत बॅटरी चिकटवलेली किंवा वायरीने जोडलेली असेल, तर किंमत कितीही कमी असली तरी घेऊ नये. आमच्या संचाच्या झाकणाला स्क्रू नाही, ते अंगठ्याने सरकते आणि बॅटरी मुलांच्या हातात येते. म्हणून वस्तू तोंडात घालण्याच्या वयातले मूल घरात असेल, तर हा संच त्याच्या हाती लागू देऊ नये.