कोलमन्सकोप: साध्या तिकिटावर भागत नाही, फोटो परमिट घ्या

नामिबियातल्या ल्युडेरिट्झ या किनाऱ्यावरच्या शहरापासून जेमतेम १० किलोमीटरवर, वाळवंटात ओस पडलेलं हे हिऱ्यांचं गाव. १९०८ साली, जर्मन राजवटीत, झकारियास लेवाला या रेल्वेमजुराला रुळांवरची वाळू उपसताना हिरा सापडला आणि बघता बघता इथे इस्पितळ, बर्फाचा कारखाना, नाचाचा हॉल, असा सगळा जर्मन थाट उभा राहिला. १९२८ मध्ये दक्षिणेला ऑरेंज नदीच्या मुखाजवळ जास्त मोठे साठे मिळाले. माणसं तिकडे सरकली. १९५६ पर्यंत गाव रिकामं.

साध्या तिकिटात गाइडची फेरी मिळते, इतिहासापुरती ती छानच आहे. पण गेट दुपारी एकला बंद होतं आणि फेरी आटोपेपर्यंत ऊन बरंच वर आलेलं असतं. फोटो परमिट जरा महाग, पण सूर्योदय ते सूर्यास्त चालतं. ते आदल्या दिवशीच ल्युडेरिट्झमध्ये घेऊन ठेवा.

पहाटे जाण्याचं खरं कारण नुसता उजेड नाही. दुपारनंतर समुद्राकडून सुटणारा वारा खोल्यांमधल्या वाळूवरचे पायांचे ठसे बऱ्याच अंशी पुसून टाकतो. सकाळी पहिल्यांदा आत जाणाऱ्याला कोरी वाळू मिळते. म्हणून आधी उंबऱ्यावरूनच फोटो, मग भिंतीकडेने आत. भिंतीलगत चालण्यात दुसराही फायदा आहे: वाळूखालच्या फळ्या मधोमध कुजलेल्या असू शकतात, कडेला त्यांना आधार असतो. जिन्यावरही पाय भिंतीकडच्या बाजूलाच टाका. वरचा मजला लवलवताना दिसला तर मागे फिरा.

खोल्या लहान, त्यामुळे फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर १६ ते २४ मिमीची लेन्स पुरते. खिडकीबाहेर लख्ख ऊन, आत अंधार. ट्रायपॉडवर दोन-दोन स्टॉपच्या फरकाने (एक स्टॉप म्हणजे दुप्पट किंवा निम्मा उजेड) तीन फ्रेम घ्या, नंतर त्या एकत्र जोडता येतात. ट्रायपॉडचे पाय वाळूत घट्ट रोवा, नाहीतर तिसऱ्या फ्रेमला तो अंगुळभर खचलेला असतो. लेन्स बदलायची ती गाडीत, काचा वर करून. बारीक वाळू एकदा झूमच्या रिंगमध्ये गेली की करकर आयुष्यभराची.

बूट घोट्याच्या वरपर्यंतचे हवेत. सापही असतात, तेव्हा काळोख्या कोपऱ्यात आधी बॅटरी मारा. आणि खडा कितीही चकाकला तरी खिशात टाकू नका. परवान्याशिवाय कच्चा हिरा जवळ बाळगणं नामिबियात गुन्हा आहे.