घरबसल्या तुर्की : भविष्यकाळाच्या धड्यांपुरते परीक्षण

इस्तंबूलला जाण्यापूर्वी कामापुरती तुर्की यावी, म्हणून मी एका ऑनलाइन शिकवणीची सहा महिन्यांची वर्गणी भरली. संपूर्ण अभ्यासक्रमाविषयी न लिहिता येथे केवळ भविष्यकाळाच्या धड्यांविषयी लिहितो, कारण या शिकवणीचे बळ आणि तिची उणीव ही दोन्ही तेथेच स्पष्ट दिसतात.

रूपे कशी बनतात, हे शिकवण्यात तिने कसूर केलेली नाही. धातूतला शेवटचा स्वर तोंडाच्या पुढच्या भागात उच्चारला जाणारा असेल तर 'एजेक' आणि मागच्या भागातला असेल तर 'आजाक' हा प्रत्यय लागतो. म्हणून 'गेल', म्हणजे येणे, याचे 'गेलेजेक' होते आणि 'याप', म्हणजे करणे, याचे 'यापाजाक'. पुढे स्वराने सुरू होणारा पुरुषवाचक प्रत्यय आला की शेवटचा 'क' विरघळतो, त्यामुळे 'तू येशील' हे 'गेलेजेकसिन' असले तरी 'मी येईन' हे 'गेलेजेइम' असे ऐकू येते. स्वरान्त धातूंत मध्ये 'य' येतो आणि 'वाचणे' या अर्थाच्या 'ओकु'चे 'ओकुयाजाक' होते. खाण्याचा धातू 'ये' असा आहे (तुर्की यजमान 'ये' म्हणाला तर उठून त्याच्याकडे जाऊ नये, घास घ्यावा), त्याचे 'यियेजेक' होते, आणि हाच शब्द खाद्यपदार्थ या अर्थाने नाम म्हणूनही चालतो. प्रश्न विचारताना मात्र पुरुषप्रत्यय क्रियापद सोडून आपल्या 'का'सारख्या 'मि'ला जाऊन चिकटतो : 'गेलेजेक मिसिन?', म्हणजे 'येणार आहेस का?' हा भाग त्यांनी इतक्या सावकाश आणि इतक्या उदाहरणांनिशी समजावला आहे की पुन्हा पाहावा लागला नाही.

मराठी माणसाला आणखी एक सोय आहे, जिचा या इंग्रजी माध्यमाच्या शिकवणीला पत्ता नसावा. 'गेलेजेक हाफ्ता' म्हणजे पुढचा आठवडा, शब्दशः 'येणारा हप्ता'. आपला 'णार' जसा क्रियापदातही चालतो आणि विशेषणातही, तसाच हा प्रत्यय. आणि 'गेलेजेकतिम' म्हणजे थेट 'येणार होतो'.

उणीव आहे ती हे रूप केव्हा वापरू नये, हे न सांगण्याची. सरावाच्या व्हिडिओ कॉलवर शिक्षिकेने प्रसंग दिला होता : दाराची घंटा वाजली आहे, काय म्हणाल? मी शिकल्याप्रमाणे 'बेन बाकाजाअम' म्हणालो, तेव्हा त्या हसल्या आणि 'बेन बाकारम' असे म्हणावे, असे त्यांनी सांगितले. मराठीतही घंटा वाजल्यावर कोणी 'मी बघणार आहे' म्हणत नाही, 'मी बघतो' म्हणतो. रोजच्या सवयीचे रूपच तेथे ऐन वेळच्या तयारीसाठी वापरले जाते, आणि तुर्कीतही तसेच आहे. आधी ठरलेल्या बेतासाठी 'एजेक' आणि जागच्या जागी पुढे होण्यासाठी हे दुसरे रूप, एवढे एक वाक्य धड्यात असते तर पुरले असते.

बोलीचाही उल्लेख नाही. लिहिताना 'गेलेजेइम' असले तरी गप्पांत सर्रास 'गेलिजेम' ऐकू येते, आणि केवळ धड्यांवर विसंबलेल्या विद्यार्थ्याला तो वेगळाच शब्द वाटतो.

स्वाध्यायांची आपोआप होणारी तपासणी तर चिडवणारी आहे. तुर्की लिपीत टिंब असलेला आणि टिंब नसलेला 'आय' ही दोन वेगळी अक्षरे आहेत. 'मी करीन' लिहिताना शेवटच्या स्वरावर टिंब पडले की उत्तर चूक ठरते. नियम योग्यच आहे, परंतु फोनवर तुर्की कीबोर्ड कसा बसवावा, हे कोठेही न सांगता माझे सलग नऊ गुण कापले गेले. तक्रार केल्यावर 'दुरुस्त करू' असे उत्तर आले आहे. ते ठरलेल्या बेतातले आहे की ऐन वेळचे, हे अद्याप कळलेले नाही.