आयसीजे की लवाद? डिसर्टेशनला काय घ्यावं

एलएलएमला देशादेशांच्या कोर्टकचेरीवर लिहायचंय पण आयसीजे (हेगचं आंतरराष्ट्रीय न्यायालय) घेऊ की लवाद (त्या वादापुरते नेमलेले पंच), इथेच बरेच जण अडतात, म्हणून भारताचीच एकेक केस शेजारी ठेवून बघू.

आयसीजे म्हटलं की कुलभूषण जाधव, हेरगिरीच्या आरोपावरून पाकिस्तानने फाशी सुनावलेले आपले माजी नौदल अधिकारी. ८ मे २०१७ ला भारताने अर्ज केला आणि १८ मेला कोर्टाने फाशी थांबवली, दहा दिवसांत! जुलै २०१९ ला १५ विरुद्ध १ ने निकाल आला, पाकिस्तानने कॉन्सुलर ॲक्सेस (आपल्या देशाच्या दूतावासातल्या अधिकाऱ्यांची भेट) नाकारून व्हिएन्ना करार मोडला, शिक्षेचा फेरविचार करा. पण सुटकेची आपली मागणी मान्य झाली नाही. त्याआधी डिसेंबर २०१७ मध्ये आई आणि पत्नी इस्लामाबादला भेटायला गेल्या तेव्हा मध्ये काच होती आणि आईला मराठीत बोलू दिलं नाही, असं आपल्या परराष्ट्र खात्याने सांगितलं होतं, ते वाचून पोटात कालवलं होतं माझ्या. जीव वाचला पण माणूस घरी आला नाही, कोर्टाचा हात कुठपर्यंत पोचतो ते इथे कळतं.

शिवाय आयसीजेत दोन्ही देशांची संमती कुठेतरी असावीच लागते. भारताने पाकिस्तानी नौदलाचं विमान पाडलं त्या केसमध्ये २००० साली कोर्टाने आम्हाला अधिकारच नाही म्हणून सांगितलं होतं.

लवादाचं वेगळं. समुद्र कायद्याच्या कराराखाली बांगलादेशने २००९ ला बंगालच्या उपसागरातल्या सागरी हद्दीवरून भारताविरुद्ध केस लावली, पाच पंच बसले, त्यांनी २०१३ ला स्वतः येऊन किनारा पाहिला, आणि जुलै २०१४ ला वादातल्या साधारण २५,६०० चौरस किलोमीटरपैकी १९,४६७ बांगलादेशकडे गेले. भारताने निकाल मानला, वाद मिटला. एवढा मोठा देश हरल्यावर गप्प मान्य करतो हे मला फार मोठं वाटतं, कारण दोनच वर्षांनी दक्षिण चीन समुद्राच्या वादात फिलिपिन्सने लावलेल्या केसमधला लवादाचा निकाल चीनने सरळ धुडकावला. पंचांचा खर्च मात्र दोन्ही देशांना करावा लागतो, आयसीजेचा यूएन करतं.

मटेरियल म्हणाल तर आयसीजेचं सोपं, युक्तिवाद, सुनावणीचा शब्दन्‌शब्द सगळं साइटवर मिळतं. पण जाधववर भरपूर लिहून झालंय, म्हणून मी लवादच घ्या म्हणेन, आणि निकालासोबत पंच पी. श्रीनिवास राव यांचं वेगळं मत आधी वाचा, बहुमताचं त्यांना कुठे पटलं नाही तिथूनच तुमचा पहिला चॅप्टर निघेल.