पारदर्शक वाटीचा पेट्रोल फिल्टर : नारळी पौर्णिमा ते मे

होडीच्या मागे लावायचं मशीन दोन सिलिंडरचं, 15 एचपी, टू-स्ट्रोक, कार्बोरेटरवालं. टाकी 24 लिटरची, प्लास्टिकची. होडी वर्सोव्याच्या खाडीतली, मढच्या टोकापलीकडे रोज जाणारी. नारळी पौर्णिमेनंतर टाकी आणि मशीन यांच्यामध्ये 10 मायक्रॉनचा, पाणी वेगळं करणारा फिल्टर बसवला. वर अॅल्युमिनियमचं डोकं, मध्ये फिरवून बसणारा डबा, खाली आरपार दिसणारी वाटी आणि तिच्या तळाला पाणी सोडायची चावी. मेअखेरपर्यंतच्या वापरावरून एवढं नक्की सांगता येईल, की फिल्टर चांगला आहे, पण निष्काळजीपणे जोडला तर नसलेला परवडला.

आधी फायदा. तेल मिसळलेल्या पेट्रोलला रंग असतो, पाण्याला नसतो. त्यामुळे वाटीच्या तळाशी पाण्याचा थेंब काचेच्या गोटीसारखा वेगळा उठून दिसतो. सकाळी निघण्याआधी नजर टाकायची, गोटी दिसली तर चावी अर्धा फेरा उघडून बाटलीत सोडायची. खाडीत नाही, बाटलीत. पावसाळी हवेत अर्धवट भरलेली टाकी रात्री थंड होते, बाहेरची दमट हवा आत ओढते आणि तिच्यातलं पाणी आतल्या भिंतीवर जमतं. हे पाणी पूर्वी थेट कार्बोरेटरच्या वाटीत जाऊन मेन जेटपाशी (पेट्रोल जायच्या बारीक भोकापाशी) बसायचं आणि मशीन रेस दिली की घुसमटायचं. ते या फिल्टरने थांबवलं.

पण ई-20 (20 टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलच्या बाबतीत त्याच्याकडून फार अपेक्षा ठेवू नये. पेट्रोलमधलं इथेनॉल पाणी स्वतःत विरघळवून घेतं आणि विरघळलेलं पाणी कुठलाच असा फिल्टर पकडत नाही. पाणी मर्यादेबाहेर गेलं की इथेनॉल आणि पाणी मिळून टाकीच्या तळाला वेगळा थर करतात. तो थर ओढला गेला तर वाटी काही मिनिटांत भरते आणि उरलेलं पुढे जातं. वाटी वारंवार भरायला लागली तर चावी सोडत बसू नका. टाकीच्या तळातलं थोडं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून स्थिर ठेवा. दोन थर दिसले तर सगळी टाकी रिकामी करायची, दुसरा इलाज नाही. वरचं चांगलं दिसणारं पेट्रोलही मशीनला घालू नये, कारण इथेनॉल निघून गेल्यावर त्याचा ऑक्टेन उतरलेला असतो.

आता जोडणी, कारण खरा त्रास तिथेच झाला. फिल्टर टाकी आणि फुगा (प्रायमर बल्ब, नळीतला हाताने दाबून पेट्रोल पुढे ढकलायचा रबरी गोळा) यांच्यामध्ये घेतला. यात एक सोय आहे: फिल्टर चोंदला की फुगा चपटा होतो आणि कळतं. गैरसोय अशी, की फिल्टरचे सगळे जोड ओढीच्या बाजूला येतात. तिथे गळती असली तरी पेट्रोल टपकत नाही, उलट हवा आत जाते. होडी कोरडी, वास नाही, आणि तरी पूर्ण रेसला दहा मिनिटांनी मशीन मिसिंग करतं. फुगा दाबून ही गळती सापडत नाही, कारण फुग्याचा दाब फक्त त्याच्या पुढच्या नळीला मिळतो.

सापडायची रीत अशी. फुगा आणि मशीन यांच्यामध्ये तात्पुरती वीतभर पारदर्शक पेट्रोल नळी घाला. मशीन चालू असताना तिच्यात सलग बुडबुडे दिसले तर हवा मागून येते आहे. मग एक जुना फुगा टाकी आणि फिल्टरच्या मध्ये लावा, बाण मशीनकडे, आणि दाबून कडक करा. आता फिल्टरवर आतून दाब आहे. प्रत्येक जोडावर ब्रशने साबणाचं पाणी लावा. आमच्याकडे फेस आला तो वाटीच्या ओ-रिंगवर (रबरी कडीवर) आणि डोक्याच्या एका पितळी निपलवर (नळी बसते त्या तोंडावर). ओ-रिंग वाटी घट्ट करताना दुमडली होती. निपलवर टेफ्लॉन टेप होती. ती काढून पेट्रोलला टिकणारी सीलंटची पेस्ट लावली. टेपचे तुटलेले धागे पुढे कार्बोरेटरच्या सुईखाली जाऊन बसतात, तेव्हा पेट्रोलच्या लाइनला टेप नकोच. फिल्टरच्या गॅस्केटला टू-टी (टू-स्ट्रोकच्या) तेलाचं बोट फिरवा, गॅस्केट टेकल्यावर हातानेच अर्धा ते पाऊण फेरा द्या. पाना लावला की गॅस्केट कापलं जातं.

नळीच्या क्लिपा स्टेनलेसच्या घ्या. साध्या क्लिपा खाऱ्या हवेत एका मोसमात गंजतात. निपल, नळी, क्लिपा हे सगळं मुंबईत नागदेवी स्ट्रीटला मिळतं, मशीनचे खास कनेक्टर दारूखान्यात बघावे लागतात. नळी मात्र इथेनॉलला चालणारीच मागा. जुन्या रबरी नळीचं आतलं अस्तर फुगून सुटतं आणि झडपेसारखं वागतं: कमी रेसला पेट्रोल जातं, जास्त ओढ लागली की अस्तर वाट बंद करतं. बाहेरून नळी नवी दिसते. संशय आला तर कापून बघा.

सगळा दोष फिल्टरवर ढकलण्याआधी फुगा काय म्हणतो ते ऐका. चालत्या मशीनला फुगा चपटा होत असेल तर अडथळा मागे आहे: टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू बंद, टाकीतल्या ओढनळीची जाळी चोंदलेली किंवा फिल्टर भरलेला. झाकण सैल केल्यावर फुस्स आवाज आला आणि मशीन सुधारलं तर स्क्रूच. (हसू नका, हेच सर्वात जास्त वेळा निघतं.) फुगा दाबत राहिलं की मशीन चालतं आणि सोडलं की मरतं, तर मशीनवरच्या पेट्रोल पंपाचा डायफ्राम (आतला लवचिक पडदा) ढिला झालाय किंवा हवा येते आहे. बुडबुडे नसतील तर डायफ्राम. फुगा कडकच होत नाही आणि कार्बोरेटरमधून पेट्रोल वाहतं, तर फ्लोटची सुई अडकली आहे. दुसरी चांगली टाकी तिच्या नळीसकट लावून बघितली की दोष मशीनच्या आत की बाहेर, हे पाच मिनिटांत ठरतं.

हे टाळाटाळीचं काम नाही. टू-स्ट्रोकमध्ये तेल पेट्रोलसोबतच येतं. 50:1 ला (50 भाग पेट्रोलला 1 भाग तेल) 24 लिटरमागे 480 मिली. पेट्रोल कमी पोचलं की तेलही कमी पोचतं, आणि मिसिंग करणारं मशीन तसंच पूर्ण रेसवर दामटलं तर पिस्टन सीझ होतो, म्हणजे सिलिंडरमध्ये जाम होतो.

किरकोळ तक्रारी. फिल्टर बदलल्यावर त्यात पेट्रोल भरेपर्यंत फुगा तीस-चाळीस वेळा दाबावा लागतो. फुगा बाण वर करून उभा धरला तर फिल्टर लवकर भरतो. वाटीखाली हात जाईल एवढी जागा सोडून फिल्टर लावा, आम्ही सोडली नव्हती, पुन्हा भोकं पाडावी लागली. अॅल्युमिनियमचं डोकं स्टेनलेसच्या बोल्टपाशी पांढरं पडतं, तिथे ग्रीस लावून ठेवतो. आणि वाटी प्लास्टिकची असल्याने फिल्टर उघड्या हवेतच हवा, बंद कप्प्यात नको.

डबा 100 तासांनी किंवा मोसमाला एकदा, जे आधी होईल तेव्हा बदलायचा. आम्ही डिसेंबरात एक बदलला, दुसरा आता काढला. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, म्हणून होडी वर घेताना नळी मशीनपासून सोडवून कार्बोरेटरमधलं पेट्रोल संपेपर्यंत मशीन पाण्याच्या पिंपात चालवलं, कार्बोरेटरचा तळाचा स्क्रू काढून उरलेलं सोडलं आणि फिल्टरची वाटी कोरडी केली. नवा डबा पिशवीतून ऑगस्टमध्येच काढणार.