व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप : डिस्पॅचमध्ये तीन वर्षं वापरल्यावर

मी नाशिकला अंबड एमआयडीसीत कोरोगेटेड बॉक्सच्या एका कारखान्यात डिस्पॅच बघते. तीन वर्षांपासून आमचं कामकाज व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर चालतं. पहिली दीड वर्षं ग्रुप बोलण्याच्या जोडीला होता. मग नवे मॅनेजर आले, बोलणं थांबलं आणि नुसता ग्रुप उरला. दोन्ही दिवस पाहिलेत, म्हणून लिहितेय. तुमच्याकडेही साहेब काचेच्या केबिनमधून फक्त मेसेज टाकत असतील, तर यातलं काही उपयोगी पडेल.

आधी चांगलं. गाडी भरली की चलान आणि एलआरचा (ट्रान्सपोर्टवाल्याच्या माल-पावतीचा) फोटो ग्रुपवर टाकला की काम झालं. महिन्याच्या शेवटी अकाउंट्सवाले एलआर मागतात, तेव्हा तारीख टाकून शोधलं की दोन मिनिटांत सापडतो. ड्रायव्हरदादा मला आठ तासांचं लाइव्ह लोकेशन पाठवतात, त्यामुळे पार्टीच्या स्टोअरमधून फोन आला की 'गाडी सिन्नरच्या पुढे गेली' असं खात्रीनं सांगता येतं. एवढ्या कामासाठी याला तोड नाही, आणि वर फुकट.

आता गेल्या वर्षीच्या जुलैतली गोष्ट. दुपारी साडेतीनला वरून मेसेज आला, '5 वाला होल्ड'. बस, एवढाच. त्या दिवशी माझ्याकडे ५ प्लायचा, म्हणजे पाच थरांच्या पुठ्ठ्याच्या बॉक्सचा, एक लॉट पॅक होऊन पडला होता, तो मी बाजूला काढून ठेवला. सरांना मात्र पाच वाजताची वाळूजची गाडी थांबवायची होती. त्या गाडीत ३ प्लायचे बॉक्स होते आणि पावसाच्या हवेनं त्यांची गोंदपट्टी नीट सुकली नव्हती. ओलसर पुठ्ठा दाबाला टिकत नाही, थप्पीतले खालचे बॉक्स बसतात. गाडी वेळेवर सुटली आणि दुसऱ्या दिवशी पूर्ण माल परत आला. दोन्ही बाजूंचं भाडं आमच्या अंगावर.

मला बोलावून घेतलं गेलं नाही. ग्रुपवरच विचारणा झाली, सगळ्यांसमोर : 'मेसेज वाचला होता ना?' वाचला होता. मेसेज इन्फोमध्ये माझ्या नावापुढे वेळसुद्धा दिसत होती, ३.३२. निळी टिक वाचल्याची खूण आहे. काय समजलं, ते ती सांगत नाही. खाली येऊन एक वाक्य बोलले असते तर मी लगेच विचारलं असतं, 'कुठला पाच, सर?' त्यांचं केबिन आणि माझं टेबल यांच्यात बावीस पायऱ्या आहेत. त्या संध्याकाळी घरी जाताना मी त्या मोजल्या.

त्यानंतर ग्रुपची सेटिंग बदलली, फक्त अ‍ॅडमिनलाच लिहिता येईल अशी. ही सोय व्हॉट्सअ‍ॅपनं २०१८ साली आणली. सुट्टीची नोटीस, पगाराची तारीख अशा गोष्टींना ती चांगली आहे. रोजच्या कामाच्या ग्रुपवर ती लावली की खालच्या माणसाला शंका विचारायला जागाच राहत नाही. मेसेज पाठवल्यापासून पंधरा मिनिटांत तो बदलताही येतो, आणि बदलल्याचं वेगळं नोटिफिकेशन येत नाही. ४०० नग वहीत टिपून मी लोडिंगला गेले, आणि तोवर ग्रुपवर त्याचे ४५० झालेले. मेसेजखाली बारीक अक्षरात 'एडिटेड' असतं, पण माल भरताना मोबाइल हातात कोण धरतं?

महिनाभर मी मनातल्या मनात धुमसले. नोकरी सोडायचा विचारही केला. मग एका सकाळी ८.४० ला परत आलेल्या मालातला एक बॉक्स घेऊन त्या पायऱ्या चढले. आदल्या दिवशी मेसेज टाकला होता, 'सर, उद्या सकाळी पाच मिनिटं हवीत, लोडिंगबद्दल.' आधी सांगितल्यानं त्यांना अचानक गाठल्यासारखं झालं नाही, हे मला महत्त्वाचं वाटतं. तक्रार केली नाही. बॉक्स टेबलावर ठेवला, कोपरा दाबून दाखवला आणि म्हणाले, 'सर, रोज सकाळी गाड्यांची यादी तुमच्या तोंडून ऐकायची आहे. पाच मिनिटं. माझी चूक होणार नाही.'

ते बराच वेळ बॉक्सकडे बघत राहिले. मग म्हणाले, 'मला तोंडावर नाही म्हणायला जड जातं. लिहिलं की सोपं वाटतं.' आधी ते सेल्समध्ये होते, शॉप फ्लोअर त्यांना नवा होता. माझा राग तिथेच निम्मा झाला. इतके दिवस मी त्यांना गर्विष्ठ समजत होते.

आता रोज ९.१० ला डिस्पॅचच्या शटरपाशी आम्ही उभ्या-उभ्या बोलतो. फळ्यावर गाडी नंबर, पार्टी, प्लाय, नग आणि सुटायची वेळ. लोडिंगचे काका वाचून दाखवतात, सर मान डोलावतात, मग फळ्याचा फोटो ग्रुपवर जातो. ग्रुप पुन्हा सगळ्यांसाठी खुला आहे. 'होल्ड' हा शब्द लिहायचाच नाही, फोन करायचा, असं ठरलंय.

फोटो, एलआर आणि लोकेशन यांसाठी या ग्रुपला माझे पाचपैकी पाच. माल थांबवणं, चूक दाखवणं, रजा नाकारणं यांसाठी एकही नाही.

गेल्या शनिवारी माझी रजा नामंजूर झाली. सर स्वतः खाली आले, फळ्याजवळ थांबले, दोनदा घसा खाकरला आणि म्हणाले, 'ताई, या आठवड्यात नाही जमणार, पुण्याच्या दोन गाड्या आहेत.' मी बुधवार मागितला. तो मिळाला.