जागलीवर ऐकलेला ‘अपरायझिंग’

हरभऱ्यात रानडुकरे आणि रोही शिरू नयेत म्हणून आमच्याकडे जागलीला स्पीकर लावून ठेवतात. एरवी त्यावर खंजिरी भजने वाजतात. यंदाच्या थंडीत मात्र आम्ही चौघांनी सलग तीन रात्री जमैकाचा रेगे गायक बॉब मार्ली याचा ‘अपरायझिंग’ ऐकला. जून १९८० मध्ये आलेला हा दहा गाण्यांचा अल्बम त्याच्या हयातीत प्रसिद्ध झालेला शेवटचा. पुढच्या वर्षी ११ मे रोजी मायामीत कर्करोगाने तो गेला, तेव्हा तो अवघ्या ३६ वर्षांचा होता. १९८३ चा ‘कन्फ्रंटेशन’ हा मागे राहिलेल्या ध्वनिमुद्रणांतून जुळवलेला असल्यामुळे त्याला शेवटचा अल्बम म्हणणे मला पटत नाही.

भजनी मंडळात ढोलकी वाजवणारे आमचे काकाजी पहिल्याच रात्री अडखळले. यातल्या बऱ्याच गाण्यांत चार मात्रांपैकी पहिल्या मात्रेवर, म्हणजे जिथे आपण समेचा ठोका देतो नेमके तिथे, मार्लीचा ड्रमवादक कार्लटन बॅरेट याचा मोठा ड्रम गप्प राहतो आणि तिसऱ्या मात्रेवर पडतो. जमैकात या ठेक्याला ‘वन ड्रॉप’ म्हणतात. ‘‘सम खालीच सोडते ना बाप्पा हा!’’ असे म्हणत काकाजींनी मांडीवर हात धरून पाहिला आणि दोनदा चुकले. ती रिकामी जागा सांभाळतो कार्लटनचा भाऊ अ‍ॅस्टन बॅरेट याचा बास, आणि तळहाताएवढ्या स्पीकरवर तो बासच ऐकू येत नाही. उरते ती गिटारची कोरडी चकचक. त्यामुळे पहिल्या रात्री हा अल्बम आम्हा सर्वांनाच पातळ वाटला होता. दुसऱ्या रात्री मंडळाचा मोठा बॉक्स बैलगाडीत घालून आणला, तेव्हा कुठे गाणी अंगाला भिडली. मोबाइलवर ऐकून मत बनवू नये, एवढे तरी मी खात्रीने सांगेन.

आमच्यातल्या शिक्षक मित्राला ‘कुड यू बी लव्हड’ आवडले नाही. त्याचा सरळ, नाचाचा ठेका डिस्कोच्या बाजारासाठी बेतलेला आहे असे त्याचे म्हणणे, आणि ते अगदीच चूक नाही. पण आधीच्या ‘पिंपर्स पॅराडाइज’मध्ये वाया गेलेल्या मुलीची कहाणी कणव आणि बोट दाखवणे यांच्यामध्ये जी लोंबकळत राहते, तिच्यानंतर मला तो ठेका हवाच होता. ‘वर्क’मध्ये कामाचे उरलेले दिवस उलटे मोजले आहेत. कापूस वेचणीच्या हंगामात मजुरीचे रोज मोजण्यातच ज्याची संध्याकाळ जाते, त्याला ते गाणे समजावून सांगावे लागत नाही.

शेवटचे ‘रिडेम्प्शन साँग’ लागले तेव्हा काकाजींचा हात आपोआप थांबला. नऊ गाणी ज्या भावांच्या ठेक्यावर आणि बासवर उभी होती, त्या दोघांचेही इथे काम नाही. आहे तो फक्त मार्लीचा आवाज आणि लाकडी गिटार. १९७७ मध्येच त्याच्या पायाच्या अंगठ्यात कर्करोग सापडला होता, हे ठाऊक असल्यामुळे ऐकणारा त्या आवाजात मरण शोधू लागतो. मीही शोधले. भीमगीते गाणाऱ्या आमच्या मित्राने मात्र मला तिथेच थांबवले: मनाची गुलामी स्वतःच तोडावी लागते हा विचार मार्लीने जमैकाचे कृष्णवर्णीय नेते मार्कस गार्वी यांच्या १९३७ मधल्या भाषणातून घेतला आहे, तेव्हा हे गाणे रडगाणे नसून प्रबोधनाचे आहे, आणि असे गाणे कसे ऐकायचे हे आपल्याकडे कोणी कोणाला शिकवायला नको, असे तो म्हणाला. त्यावर मला उत्तर सुचले नाही.

२००१ च्या आवृत्तीबद्दल मात्र माझी तक्रार आहे. तिच्यात दहा गाण्यांच्या शेवटी याच गाण्याचे पूर्ण वाद्यवृंदासह केलेले ध्वनिमुद्रण जोडले आहे, त्यामुळे ती शांतता बसते न बसते तोच पुन्हा ड्रम सुरू होतो. काकाजी स्वतः वाजवणारे; त्यांना ते आवडेल असे वाटले होते. ते म्हणाले, ‘‘इथं मी वाजोलंच नसतं.’’ मग तिसऱ्या रात्री दहावे गाणे संपताच आम्ही बॉक्स बंद केला, आणि पहाटेपर्यंत रोह्यांना हाकलायला डबा वाजवत बसलो.